सोडून दिलेला गज

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो काही चांगला नव्हता. मृणालचं, माझ्या मुलीचं, जुळत आलेलं लग्न त्याने खरं का मोडलं हे आता कोणाला विचारायचं... माझा हा थोरला भाऊ अमरावतीला तुरुंगात हवालदार होता. मी अकोल्याहून पोचले तर त्याचा एकुलता मुलगा सुधीर आलेलाच नव्हता. ‘पुण्यात नोकरीला आहे, रजा मिळत नाही’ हे मी दादा-वहिनीकडून वर्षानुवर्षं ऐकत आले होते आणि ते मला कधीच पटलं नव्हतं.

तुरुंगात संध्याकाळी खिडक्यांचे गज काठीने ठोकून बघतात. धड गज खणखणतो, कापलेला बद्द वाजतो. निवृत्तीनंतर दादा घरच्या खिडक्याही ठोकायचा. माणसांनाही तो ठोकूनच बघायचा, टोमणा मारून, कधी उगाच अपमान करून. मृणालला बघायला अकोल्याचा मुलगा आला तेव्हा दादाने मुद्दाम त्याच्या पांढऱ्या शर्टावर चहा सांडला. मुलगा हसला, “चालते जी, मामा.” आम्ही खूश. पाहुणे गेल्यावर दादा म्हणाला, “बाई, पोरगी देऊ नको. याले रागबी नाही आला, लाजबी नाही वाटली. असे गोड पोट्टे मी आत लय पाह्यले.”

“अन् तू जाणून चहा सांडला, तुले लाज वाटली काय?” मी विचारलं. पण माझ्या मनात पाल चुकचुकली आणि मी नकार कळवला. तो मुलगा आज अकोल्यात सुखाने संसार करतो, बाजारात बायकोची पिशवी धरून उभा दिसतो. मी अजूनही त्याच्याकडे निरखून बघते. मृणाल मामाशी पुन्हा बोलली नाही.

तेरवीला मात्र ती आली. कोपऱ्यातली काठी उचलून तिने खिडकी ठोकली. एक गज बद्द वाजला. वहिनीने पदर तोंडाशी धरला. “तुले पाहाले आले त्याच्या आधीच सुधीरनं कापला होता तो. तिथूनच माहे दागिने घेऊन गेला, कुठी हाय मालूम नाही. मंग जोडून घेतला, पण हे त्याले ठोकतच नसत. सुधीरबी त्या अकोल्याच्या पोट्ट्यासारखाच होता, कितीबी बोला, हासत राहे.”

मृणालने काठी खाली ठेवली. “मंग मामानं मले वाचवलं, का सुधीरदादाचा राग त्या पोट्ट्यावर काढला?”

मला दादाचा भयंकर राग आला, आणि त्याची कीवही आली. दोन्ही अजून तशीच आहेत.

परवा संध्याकाळी वहिनीला फोन केला. बोलता बोलता तिकडून खणखण ऐकू येत होती. ती गज ठोकत होती. मी कान देऊन ऐकत राहिले... मधला एक ठोका आलाच नाही.