अच्युतराव फोन उचलत नाहीत

अच्युत पिंपळापुऱ्यांच्या घरचा फोन दुसऱ्या घंटीच्या आत उचलला गेला नाही तर शेजारचे लोक जिन्यात येऊन चौकशी करायचे, अशी एके काळची त्यांची ख्याती. राँग नंबरशीसुद्धा ते प्रेमाने बोलत. कटनीच्या एका सिमेंटवाल्याचा चुकून लागलेला फोन त्यांनी इतका लांबवला, की पुढे त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका घरी आली आणि अच्युतराव आहेर घेऊन जाऊनही आले.

अशा माणसाला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी सांगण्यात आलं, की यापुढे फोन उचलायचा नाही.

त्याचं असं झालं. अच्युतराव नर्मदेकाठच्या हिंदी मुलुखात, एका फॅक्टरीत नोकरीला. पान नाही, सिगरेट नाही, पत्ते तेवढे गणपतीच्या जागरणाला, तेही बिनपैशाचे. तरीही डोक्यावर चार कर्जं. सेक्शनमध्ये सगळ्यात आधी क्रेडिट कार्ड त्यांच्याकडे आलं, हा त्यांचा एकमेव गुन्हा. मंडळाच्या मांडवाचे पैसे द्यायचे आहेत? अच्युतरावांचं कार्ड. समाजाची अमरकंटकची सहल? अच्युतरावांचं कार्ड. केतन ढोमण्याला सदरच्या बाजारातून फ्रिज घ्यायचा होता, तर दुकानात अच्युतराव नुसते सोबतीला गेले होते. "काका, तुम्ही करून टाका न स्वाइप, मी देतो," केतन म्हणाला. अच्युतरावांनी करून टाकलं. फ्रिज ढोमण्यांकडे गेला, हप्ते पिंपळापुऱ्यांकडे आले.

मागायचं कसं? आपल्या माणसाला पैसे मागायचे म्हणजे त्याच्या अंगणात उभं राहून त्याला चोर म्हणण्यासारखं, असं अच्युतरावांचं मत. म्हणून एक कार्ड फेडायला दुसरं कार्ड घेतलं, दोन्ही फेडायला बँकेचं पर्सनल लोन घेतलं, आणि मुलाच्या, म्हणजे यशोधनच्या, कॉलेजच्या फीसाठी आपल्या मराठी मंडळींच्या पतपेढीतून चौथं. पतपेढीला जामीन राहिला शशिकांत बोकारे, तीस वर्षांपासून शेजारच्या मशीनवर उभा राहणारा मित्र. त्याने कागद वाचला नाही. "सही कुठं करायची तेवढं सांग," म्हणाला.

होता होता पगार खात्यात येई आणि ओळखपाळख व्हायच्या आत निघून जाई. शेवटी मोबाइलवर कर्ज मिटवून देणाऱ्या एका कंपनीची जाहिरात दिसली. गुडगावहून मुलीचा फोन आला. सुरुवात हिंदीत झाली. पण तिचं नाव प्रणाली आणि माहेर अमरावती हे कळलं, त्यात तिच्या आत्याचं घर अच्युतरावांच्या मामाच्या गल्लीत निघालं, आणि तिथेच कार्यक्रम पक्का झाला. अटी नंतर समजल्या.

पोरगी मात्र सरळ होती. तिने काही लपवलं नाही.

"काका, पहिले सहा-आठ महिने फार वाईट जातील. चारही हप्ते बंद करायचे. जमेल तेवढी रक्कम दर महिन्याला एका वेगळ्या खात्यात टाकायची. आमची फी त्यातूनच जाईल. खातं जरा भरलं की आम्ही एकेका बँकेशी बोलू, की एकरकमी घ्या आणि कमीत मिटवा. बँक पहिले नाही म्हणते."

"मग?"

"मग परत विचारायचं."

"आणि तोवर?"

"तोवर फोन येतील. तुम्ही उचलायचे नाहीत, आमच्याकडे वळवायचे. नोटिसा येतील, त्यांचे फोटो मला पाठवायचे. घरी माणूस येऊ शकतो. व्याज चढत राहील. आणि तुमचा स्कोर पडेल, पुढे काही वर्षं तुम्हाला कुणी कर्ज देणार नाही."

"हे बरं आहे," अच्युतराव मनापासून म्हणाले.

"अजून एक, काका. पतपेढीला जामीनदार असेल तर त्यांना आजच सांगा. हप्ता थांबला की ते लोक त्यांच्याकडे जातात."

"सांगतो न, सांगतो," अच्युतराव म्हणाले. सांगितलं नाही. शशिकांतला सांगायचं म्हणजे पैशाचा विषय काढायचा, आणि तीस वर्षांत दोघांमध्ये तो विषय एकदाही निघालेला नव्हता. आज काय काढायचा? उद्या बघू.

मग फोन सुरू झाले. सकाळी दाढी करताना, डबा खाताना, सत्यनारायणाच्या आरतीत. प्रणालीच्या सांगण्यावरून वळवलेले थोडे तिकडे जात, उरलेले नव्या नव्या नंबरांवरून येत. फोन वाजू लागला की अच्युतरावांचा हात आपोआप पुढे जाई. मग अनसूयाबाई, म्हणजे त्यांची बायको, ताट वाढता वाढता म्हणत, "वाजू द्या." अच्युतराव हात मांडीखाली दाबून बसत. समोर कुणीतरी माणूस हाका मारून राहिला आहे आणि आपण तोंड फिरवून बसलो आहोत, याचाच त्यांना जास्त त्रास होई. एकदा राहवलं नाही, उचलला. पलीकडून तरुण आवाज गरजला, "पैसा कब दे रहे हो, सर?" अच्युतराव म्हणाले, "बेटा, आवाज़ बैठ गया है तुम्हारा. गरम पानी लिया करो." त्या मुलाने दुप्पट आवाजात दम दिला. त्यानंतर अनसूयाबाईंनी फोन साखरेच्या डब्यामागे ठेवायला सुरुवात केली.

पुढच्या खोलीचे पडदे दिवसाही ओढलेले. दारावर थाप पडली की दोघं श्वास धरून बसत; बाहेर दूधवाला असला तरी. अच्युतराव फॅक्टरीला मागच्या गल्लीने जात. स्वतःच्याच घरात ते उधारीवर राहत असल्यासारखे पावलं न वाजवता फिरत.

बँकवाल्यांचं एक वेळ सोसलं असतं. ते निदान ओरडत तरी होते. पतपेढीतून हेमलताताई येत.

हेमलताताई सावरकर या पतपेढीत कारकून, आणि वसुलीही त्यांच्याकडेच. त्यांच्या वसुलीची एक रीत होती आणि ती अख्ख्या कॉलनीला तोंडपाठ होती. हप्ता थकला की ताई स्कूटी लावून घरी येत आणि चहा घेत. "हप्ता" हा शब्द त्यांनी कुणाच्याही घरात कधी उच्चारलेला नाही. गुडघ्याची चौकशी, मुलांची चौकशी, पोह्यात शेव बारीक चांगली की जाडी, यावर थोडं बोलणं, आणि निघणं. पहिला चहा पूर्ण पीत. दुसऱ्या खेपेचाही पूर्ण पीत. तिसऱ्या खेपेला मात्र अर्धा कप तसाच ठेवून उठत. अर्धा कप राहिला म्हणजे ताई आता जामीनदाराच्या घरी चहाला जाणार, हे शेंबड्या पोरालाही माहीत.

पिंपळापुऱ्यांच्या टेबलावर तो अर्धा कप राहिला. अनसूयाबाईंनी तो उचलला नाही. साय धरेपर्यंत दोघं त्याच्याकडे बघत बसले.

"शशिकांत भाऊजींना तुम्ही सांगितलं होतं न?" अनसूयाबाईंनी विचारलं.

अच्युतरावांनी पंख्याकडे पाहिलं.

"अहो!"

"सांगणारच होतो."

त्यानंतरच्या रविवारी सकाळी खाली हॉर्न वाजला. शशिकांत. दर रविवारी दोघं मिळून फिरायला निघत, पण गेले कितीतरी रविवार अच्युतरावांनी कधी कंबर, कधी पाहुणे अशी कारणं सांगितली होती. आज हॉर्न थांबेचना. शेवटी अच्युतराव चप्पल घालून उतरले. शशिकांतने स्कूटर थेट नर्मदेच्या ग्वारीघाटावर नेली, नाव ठरवली आणि अच्युतरावांना आधी चढवलं. नाव मधोमध गेल्यावर अच्युतरावांच्या लक्षात आलं, की इथून कंबर दुखते म्हणून निघून जाता येणार नाही.

"हेमलताताई आल्या होत्या," शशिकांत पाण्याकडे बघत म्हणाला.

"अच्छा."

"चहा पूर्ण प्यायल्या. माझ्याकडचा पहिलाच आहे न."

अच्युतरावांनी नर्मदेत हात बुडवून ठेवला.

"मला सांगितलं काहून नाही बे?"

"तू काही बोलला नसतास, शश्या. म्हणून तर सांगता आलं नाही."

तेवढ्यात खिशात फोन वाजू लागला. वाजला, थांबला, पुन्हा वाजला.

"उठा लीजिए, बाबूजी," नावाडी म्हणाला. "घर से होगा."

"घर से नहीं है, भैया. बैंक से है."

नावाड्याने वल्हं थांबवलं. "तो नाव और आगे ले लूँ?"

शशिकांतला हसू आलं, पण ते त्याने गिळलं. "ऐक. मी या महिनाअखेर रिटायर होऊन राहिलो. माझी ठेव पतपेढीत आहे, आणि तुझं खातं सरळ होईपर्यंत ते ती सोडत नाहीत. पनागरच्या जमिनीचं तुला माहीत आहे."

अच्युतरावांना माहीत नसेल तर कुणाला? गेली कित्येक वर्षं डबा खाताना शशिकांत पनागरला मटार लावत होता. कागदावर वाफे आखत होता, कोणती जात गोड यावर भांडत होता. या दिवाळीत त्याने खरोखरच एक लहानसा तुकडा ठरवला होता, उभ्या पिकासकट.

"बयाणा देऊन बसलो," शशिकांत म्हणाला. "बाकीचे महिनाअखेर नाही दिले तर बयाणा बुडला आणि तुकडा दुसऱ्याचा. बस, एवढंच सांगायचं होतं." मग म्हणाला, "तुला त्रास द्यायचा नव्हता बे."

हे शेवटचं वाक्य तो बोलला नसता तर बरं झालं असतं, असं अच्युतरावांना घरी पोहोचेपर्यंत वाटत राहिलं.

त्यांनी प्रणालीला फोन लावला. ती आनंदात होती. "काका, मी तुम्हालाच करणार होते! पहिल्या कार्डवाली बँक तयार झाली. निम्म्याहून कमीत. पत्र आलं आहे. फक्त महिनाअखेर एकरकमी भरायचे, आणि आपल्या खात्यात जवळजवळ तेवढे जमलेत."

अच्युतरावांनी पतपेढीचं सांगितलं.

"दोन्ही नाही होणार, काका. हे पैसे काढले तर ही ऑफर गेली. परत अशी येईल की नाही, मी नाही सांगू शकत."

इतके महिने हात मांडीखाली दाबून, पडद्यामागे बसून जे जमवलं होतं, ते एका दारातून बाहेर पडण्याएवढंच होतं. आणि दारं दोन होती. रात्रीचं जेवण झालं नाही. अच्युतराव फ्रिजचा हप्ता, सहलीचा हप्ता, मांडवाचा हप्ता असं मनाशी काहीतरी पुटपुटत होते. अनसूयाबाई ते ऐकत होत्या. सकाळी त्यांनी चांगलं पातळ नेसलं.

"कुठे निघालीस?"

"चहा प्यायला," अनसूयाबाई म्हणाल्या. "तुम्ही बसा."

पहिलं घर केतन ढोमण्याचं. त्याची बायको ज्योती हरखून गेली. "अय्या काकू, किती दिवसांनी!" अनसूयाबाईंनी चहा घेतला, फ्रिजकडे प्रेमाने बघितलं, "अजून चांगला थंड करतो न?" एवढंच विचारलं, आणि अर्धा कप ठेवून उठल्या. ज्योती त्या कपाकडे बघतच राहिली. संध्याकाळी केतन पाकीट घेऊन आला आणि मान खाली घालून म्हणाला, "काका, मी विसरलोच होतो." अच्युतराव म्हणणार होते, "असू दे, काही घाई नाही." अनसूयाबाईंनी त्यांच्या पायावर पाय ठेवला.

तीन-चार दिवसांत अनसूयाबाईंनी अर्धी कॉलनी चहाने धुऊन काढली. ॲसिडिटी झाली. पुष्कळांनी दिलं. काहींनी थोडं दिलं. मंडळाचे अध्यक्ष शालिग्राम वैद्य यांना मात्र ही भाषा समजलीच नाही, किंवा फार चांगली समजली. "वहिनी, गार झाला वाटतं," म्हणून त्यांनी दुसरा गरम कप मागवला, वर खव्याची जिलेबी खाऊ घातली आणि जिन्यापर्यंत पोहोचवायला आले. मांडवाचे पैसे मांडवासारखेच उडून गेले.

सगळं मिळून पतपेढीच्या बाकीच्या अर्ध्याहून थोडं जास्त झालं. अच्युतरावांनी पुन्हा फोन लावला.

"प्रणाली, बाकीचे त्या खात्यातून काढायचे."

"काका, अजून वर्षभर तरी लांबेल मग. कदाचित जास्त."

"हो."

"फोन येत राहतील."

"येऊ दे," अच्युतराव म्हणाले. मग, "तू जेवली का?"

महिना संपायच्या आत पतपेढीचं खातं बंद झालं. शशिकांतची ठेव सुटली. कार्डवाल्या बँकेची मुदत निघून गेली आणि तिचे फोन नव्या दमाने सुरू झाले. त्यात एका वकिलाची नोटीस आली. अनसूयाबाईंनी तिचा फोटो काढून प्रणालीला पाठवला आणि नोटीस उभी करून साखरेच्या डब्याला टेकवून ठेवली.

डिसेंबरात एका सकाळी शशिकांत पोतं घेऊन आला. पनागरचा मटार, स्वतःचा. पोतं जमिनीवर उपडं झालं, तिघं भोवती बसले. पडदे अजून ओढलेलेच होते, त्यामुळे भरदिवसा दिवा लावून शेंगा सोलणं चाललं होतं. दारावर थाप पडली. सवयीने सगळे गप्प झाले.

"मी आहे हो, हेमलता!"

आता काय राहिलं? अनसूयाबाईंनी चहा ठेवला. हेमलताताई बसल्या, गुडघ्याची चौकशी झाली, चार शेंगा त्यांनीही सोलल्या. कप हातात आला. तिघंही त्या कपाकडे बघत होते. तेवढ्यात फोन वाजू लागला, पण त्याच्याकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नव्हती. ताईंनी एक घोट घेतला, दुसरा घेतला, जरा थांबल्या, शशिकांतच्या पिकाचं कौतुक केलं, आणि मग कप तळापर्यंत रिकामा करून खाली ठेवला.

"आलं छान पडलंय," त्या म्हणाल्या. "आणखी आहे का?"

अनसूयाबाई उठल्या. फोन थांबला आणि पुन्हा वाजू लागला. अच्युतरावांचा हात सरळ साखरेच्या डब्याकडे निघाला. शशिकांतने मधेच तो धरला, त्यात मूठभर शेंगा कोंबल्या आणि म्हणाला, "सोल बे."