अप्पांच्या दुकानातली सबसिडी

माल खपला नाही की गोदामात साठतो. किस्से मात्र माल खपला की साठतात. लातूरला गंजगोलाईजवळ अप्पांचं सोलरचं दुकान होतं. भूकंपानंतरची काही वर्षं मी तिथं विक्रीला होतो. माझं घर त्या दुकानावर चाललं, म्हणून हे हसत सांगत असलो तरी अप्पांचे उपकार विसरलेलो नाही.

अप्पा आधी पाइप आणि मोटारी विकायचे. सोलर कुकर आणि पाणी तापवायचे सोलर बंब ठेवायला लागले ते सरकारी सबसिडीमुळे, आणि दिवसभर शिव्या घालायचे त्याही सबसिडीलाच. "पेरलेलं उगवतंय, उसनं दिलेलं कवातरी मिळतंय. सबसिडी परत आलेली बघितली का कुणी?"

आमचे फिटर रहीमभाई पाना पुसत म्हणायचे, "अप्पा, तुमची चाय बी उसीकी हाय. पिऊन घ्या."

*

भूकंपात पडलेल्या एका गावाला नवी घरं मिळाली, सोबत सबसिडीचे कुकर. प्रात्यक्षिकाला साहेब येणार होते. सकाळी मी कुकरात डाळ-तांदूळ लावले, आरसा सूर्याकडे केला आणि साहेबांना आणायला फाट्यावर गेलो.

हार झाले, भाषणं झाली. झाकण उघडलं तर तांदूळ पाण्यात तसेच बसलेले! सरपंचांनी कुकर उचलून मंडपात, साहेबांच्या खुर्चीशेजारी ठेवला होता. वर नवा टॉवेलही पांघरला होता.

"सरकारची वस्तू उन्हात ठिवायची व्हय? बरं दिसतंय का ते?"

साहेब चिवडा खाऊन गेले.

*

पुढं त्याच गावात रहीमभाई आणि मी कुकर बघायला फिरलो. एका घरी कुकरच्या आरशात बघून दाढी चालली होती. दुसऱ्या घरी कुकरच्या पेटीत कोंबडी अंड्यांवर बसलेली. मी आल्यावर अप्पांना सांगितलं, तर त्यांना आयतंच मिळालं.

"बघा. सरकार कोंबडीला सबसिडी द्यायलंय."

रहीमभाई म्हणाले, "पिल्लं निघाली ना अप्पा. डबा गरम हाय, इतकं तर मानाल?"

*

मग लातूरला क्लासेसचं पीक आलं. निलंग्याची, बिलोलीची पोरं खोल्या करून राहायला लागली आणि हॉस्टेलवाले सोलर बंब मागू लागले. एका मालकानं पोरं जास्त घेतली आणि टाकी लहान बसवली. उशिरा उठेल त्याला गार पाणी. थंडीत पोरं पहाटे चारलाच बादली घेऊन रांगेत, आणि उठलीच आहेत तर पुस्तक हातात. मालकानं बाहेर पाटी लावली: "येथे पहाटेचा अभ्यास सक्तीने करून घेतला जातो."

निकाल चांगला लागला. मालक पेढे घेऊन आला तेव्हा अप्पा म्हणाले, "मोठी टाकी दिली असती तर नापास झाले असते सगळे."

*

आणि मथुराबाई. त्या कुकरांच्या गावच्याच. भूकंपात नवरा आणि थोरला मुलगा गेले. राहिली धाकटी मुलगी सुनीता. सरकारनं पक्कं घर दिलं, पण बाई छताखाली जाईनात. निजायच्या अंगणात. तीन दगडांची चूल मांडावी, तर दगडाला हात लावायला तयार नाहीत. मग सोलर कुकर. त्यात भाकरी होत नाही, म्हणून वरण-भात शिजवायचा आणि क्लासला लातूरला राहिलेल्या सुनीताचा डबा दुपारच्या एसटीनं पाठवायचा. आभाळ आलं की डबा नाही. खोलीतल्या पोरी सुनीताला विचारायच्या, "तुमच्यात भाकरी करत न्हाईत का गं?"

सबसिडी परवडते का, हे तपासायला एक साहेब गावात आले. मथुराबाईंना विचारलं, "कुकरमुळे सरपण किती वाचलं?"

"चूलच पेटत न्हाई साहेब. वाचंल काय?"

साहेबांनी बचत शून्य लिहिली. अप्पा हे महिनाभर सांगत होते. पण मथुराबाईंच्या कुकरची काच तडकली तेव्हा रहीमभाईंना त्याच दिवशी नवी काच घेऊन पिटाळलं ते अप्पांनीच.

बाई डबा पोचवायला कधी स्वतः लातूरला आल्या की दुकानापुढं उन्हात उभ्या राहायच्या. अप्पा म्हणायचे, "आत या बाई, सावलीला." त्या मान हलवायच्या.

सुनीताला नांदेडला डॉक्टरकीला प्रवेश मिळाला. त्यानंतरच्या दिवाळीत मथुराबाई आल्या त्या डोक्यावर कुकर घेऊन. पेटी पुसून लख्ख केलेली.

"बिघडला का?" अप्पांनी विचारलं.

"न्हाई. दुसऱ्या कुणाला तरी द्या. पोरगी सुट्टीला आलीया. म्हणली, आये, मला तुज्या हातची भाकरी पायजे, मी बसते तुज्याजवळ. काल घरात चूल पेटवली."

रहीमभाईंनी पेटी उतरवून घेतली. "लो अप्पा. सबसिडी परत आली."

अप्पांनी पेटीच्या काचेवरून हात फिरवला. मग सवयीनं म्हणाले, "आत या बाई, सावलीला."

मथुराबाईंनी मान वर करून दुकानाचा स्लॅब पाहिला. बराच वेळ पाहिला. मग पायरीवर चपला काढल्या, आत आल्या आणि अप्पांच्या समोर बसल्या.

"च्या सांगा की मग," त्या म्हणाल्या.