कपिलच्या नावावर

लखीराम राठोडने नेटवर उडी घेतली की दिग्रसच्या मैदानावरची माणसं तोंडातला खर्रा चघळायची थांबत. तांड्यावरचा हा सहा फुटी पोरगा व्हॉलीबॉलसाठीच जन्माला आला होता. पण बारावीत दोनदा नापास झाला आणि कॉलेजच्या स्पर्धांची दारं बंद झाली.

कॉलेजला तर स्मॅशर हवा होता. क्रीडाशिक्षकांनी वाट काढली. कापसाच्या जिनिंगवाल्या पुंडलिकरावांचा मुलगा कपिल कॉलेजात शिकत होता, संघाच्या यादीतही होता. फक्त चेंडू अंगावर आला की डोळे मिटायचा.

"तू कपिलच्या नावावर खेळ," सर म्हणाले. "नाव काय, कागदावरच राह्यते. खेळ तर तुह्याच हाताचा हाय ना?"

लखीराम हसला. बक्षिसाच्या सामन्यांत तो हेच तर करायचा. बाहेरगावचा खेळाडू चालत नसे, म्हणून आर्णीत तो कुणाचा भाचा व्हायचा, राळेगावात कुणाचा साळा. गावच त्याला नातं द्यायचं, नावही द्यायचं. त्यात कुणालाच काही वाटत नसे. त्यालाही वाटलं नाही, हा त्याचा महामूर्खपणा!

तीन वर्षं तो कपिल म्हणून खेळला. राज्य स्पर्धेच्या फायनलला घोटा सुजलेला असताना शेवटचे चार पॉइंट त्याने एकट्याने काढले. त्याला बूट मिळाले, मटणाचं जेवण मिळालं. प्रमाणपत्र कपिलच्या घरी गेलं, आणि त्याच्या जोरावर खेळाडूंच्या राखीव जागेतून कपिलला सरकारी नोकरी लागली. लखीरामनेही त्याच भरतीत अर्ज केला होता. खिडकीवरच्या बाबूने प्रमाणपत्र मागितलं, तेव्हा याने पिशवीतून गावोगावची चार शील्डं काढून ठेवली. बाबू रांगेला ऐकू जाईल असा हसला.

पुढे बारा वर्षं हा माणूस भाड्याने खेळला. गुडघा गेला, तशी बोलावणारी गावंही गेली. मग तो पुंडलिकरावांच्याच जिनिंगवर सरकीची पोती भरायला लागला.

यंदा खोट्या प्रमाणपत्रांची चौकशी लागली. कपिलचा खेळ पाहिलेल्या जुन्या खेळाडूची साक्ष हवी होती. पुंडलिकराव स्वतः तांड्यावर आले, कधी नव्हे ते लखीरामच्या खाटेवर बसले.

"पोराच्या नोकरीचा सवाल हाय, लखीराम. तू दिग्रसचा नावाजलेला खेळाडू. तुह्या शब्दाले वजन हाय."

नावाजलेला! लखीरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते गेल्यावर बायको बिजलीबाई म्हणाली, "आता तरी खरं सांगून टाका ना."

"सांगतलं त मीबी आत जातो. दुसऱ्याच्या नावानं खेळणारा मीच होतो. अन् जिनिंगचं काम जाईन ते येगळंच."

तरी चौकशीला निघताना त्याने मन घट्ट केलं होतं. 'तो मीच होतो,' एवढं एकदा कुणासमोर तरी म्हणायचं होतं. बाकी काय व्हायचं ते होवो.

कचेरीत कपिल बाकावर घामाघूम होऊन बसला होता. पोट सुटलेलं, नजर जमिनीवर.

"यांना खेळताना पाहिलंय तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

लखीरामने तोंड उघडलं. समोर पोलीस उभा होता.

"पाह्यलं, साहेब."

"कसे खेळायचे?"

मग मात्र त्याला थांबता येईना. "काय सांगू, साहेब! तीन पावलं घेऊन असा उडे का ब्लॉकवाले खालीच राहत. फायनलले घोटा टम्म सुजला होता. सर म्हणे बस, तो बसला नाही. शेवटचे चार पॉइंट एकट्यानं काढले. असा खेळाडू या तालुक्यात पुन्हा झाला नाही."

बोलता बोलता त्याला रडू फुटलं. साहेबांची लेखणीही क्षणभर थांबली.

"मित्रावर फार जीव दिसतो तुमचा," ते म्हणाले, आणि सगळं कपिलच्या नावावर लिहून त्यांनी कागद सहीसाठी पुढे सरकवला.

राज्य स्पर्धेसंबंधीच्या कागदांत लखीराम राठोड हे नाव त्या दिवशी पहिल्यांदा आलं. खाली लिहिलं होतं, साक्षीदार.