डबा वाजतोय

फाटकाचा बांबू बेकरीवाल्यानेच मोडला, यात वादाला जागाच नव्हती. बांबूचा अर्धा भाग त्याच्या गाडीच्या टपावर आडवा पडला होता.

"मागे घेताना दिसला नाही हो, मामा," खिडकीतून डोकं बाहेर काढून तो म्हणाला.

"बरोबर आहे," फाटकमामा म्हणाले. "रस्ताभर लांब, त्याला लाल-पांढरे पट्टे, मध्ये टांगलेला कंदील. दिसणार कसा?"

बेकरीवाला खाली उतरला. उतरताच वाऱ्याने त्याची छत्री उलटी केली आणि पावसाने चष्म्याचा ताबा घेतला. इथला हिवाळा असाच. बाकीच्या जगात हिवाळ्यात थंडी पडते, इथे पडत काही नाही, सगळं आडवं येतं. पाऊस आडवा, धुकं आडवं, आणि माणूस जरा गाफील राहिला तर तोही आडवा. कपडे वाळत नाहीत, काडेपेटी पेटत नाही. बेकरीतला टोस्टसुद्धा गिऱ्हाइकाच्या घरी पोचेपर्यंत मऊ पडतो.

गाव डोंगराच्या खांद्यावर. खाली जायला एकच रस्ता, आणि त्याच्या तोंडाशी हे फाटक. वारा-पाऊस एकत्र आले की वरच्या कड्यावरून दगड सुटतात, म्हणून रस्ता बंद करायचा. तो बंद करण्याची नोकरी मामांची. खालच्या टोकाला दुसरी चौकी होती, पण तिथला चौकीदार मामांना फोन करून विचारल्याशिवाय सायकलसुद्धा सोडत नसे.

बंद कधी करायचा, हे ठरवत असे एक डबा. तेलाचा रिकामा डबा, आत मूठभर खडे, चौकीच्या वळचणीला तारेने टांगलेला. वाऱ्याने तो वाजत राहिला की फाटक बंद. तो गप्प झाला, आणि मामांनी खाली बसून एक कप चहा घाई न करता संपवला तरी गप्पच राहिला, की फाटक उघडं. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. आधीच्या फाटकवाल्याने डब्याबरोबर तोही मामांच्या हवाली केला होता. मध्यंतरी सरकारने वारा मोजायचं एक यंत्र बसवलं होतं. ते पहिल्याच हिवाळ्यात वाऱ्याबरोबर गेलं.

गावाच्या बोलण्यातही हा डबा शिरला होता. एखाद्याला घरी बोलवावं, तर तो हळूच म्हणे, "आज नको, आमच्याकडे सकाळपासून डबा वाजतोय." म्हणजे बायको रागावली आहे.

मामांनी कोणाकोणाला अडवलं, याच्या कथा गावात भरपूर. नवरदेव अडवला. दोन्ही बाजूंचे वकील अडवले, तेव्हा ते चौकीत बसून आपसात तडजोड करून परत गेले. एकदा मोठ्या साहेबांची गाडी अडवली. साहेब खाली उतरून गरजले, "मी कोण आहे माहीत आहे का?" मामा म्हणाले, "मला माहीत नाही. दगडाला पण माहीत नाही."

एवढा हट्टीपणा उगाच कुठून येईल, म्हणून लोकांनी एक करुण कथाही रचली होती. म्हणे मामांनी तरुणपणी दया येऊन एक ट्रक सोडला आणि तो दरीत गेला. बेकरीवाल्याने एकदा हळव्या आवाजात ते विचारलंही होतं. मामा म्हणाले, "कुठला ट्रक? मी सोडलाच नाही, तर पडेल कसा?"

आज मात्र कथा मामांच्याच घरची होती. मामी गावातल्या छोट्या दवाखान्यात होत्या. छातीत पाणी भरलं होतं. सकाळी डॉक्टरांनी मामांना व्हरांड्यात नेऊन सांगितलं, "कोणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या." लेक आधीच निघाली होती. आत्ता, दुपारी, तिची बस खालच्या चौकीला उभी होती. आणि डबा वाजत होता.

मामांचा बेत साधा होता. फाटकाला कुलूप घालायचं, किल्ली खिशात टाकायची आणि रस्ता बंद आहे तोवर मामींच्या उशाशी जाऊन बसायचं. कुलूप आणायला ते आत वळले, आणि बेकरीवाल्याने गाडी मागे घेतली.

"सुतार सकाळी नवा बांबू देतो म्हणतोय," बेकरीवाला धापा टाकत परत येऊन म्हणाला. "तोवर माझी गाडी आडवी लावू?"

दोघांनी गाडीकडे पाहिलं. माल पोचवून रिकामी झालेली ती गाडी वाऱ्याने जागच्या जागी डुलत होती.

"ही? हिलाच वारा खाली घेऊन जाईल. मग भरपाई डोंगराकडे माग."

"मग तुम्ही जा मामींजवळ. मी उभा राहतो इथे."

"तू?" मामांनी त्याला पायापासून चष्म्यापर्यंत न्याहाळलं. "पोरांनी हात पुढे केला तर तुला बिस्किटाला नाही म्हणता येत नाही. जीपवाल्यांना काय म्हणणार?"

जीपवाले आलेच होते. हॉर्न वाजवत होते, हात जोडत होते, "मामा, पटकन जातो" म्हणत होते. मामा मोडक्या फाटकाच्या जागी रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, रेनकोट अंगाला चिकटलेला, दोन्ही हात पसरलेले. बेकरीवाल्याला वाटलं, आपण बांबू मोडला नाही, मामींच्या उशाशी मांडलेली खुर्ची मोडली.

करण्यासारखं एकच उरलं होतं. तो दवाखान्यात गेला.

मामी उशांना टेकून बसल्या होत्या. नाकाला नळी. माणूस एवढंसं झालेलं, पण डोळे लख्ख.

"डबा वाजतोय?"

"वाजतोय, मामी."

"मग ती खालीच असणार. जेवली का विचारा म्हणावं." त्यांनी दम घेतला. "आणि यांची कानटोपी इथे राहिलीय, ती ने. मी डब्याचं विचारलं म्हणून सांगू नकोस हं. उगाच फाटक उघडून बसतील."

"ते काय उघडतात!" बेकरीवाल्याच्या तोंडून निघून गेलं.

"मला माहीत नाही का रे?" मामी म्हणाल्या. "तरी सांगू नकोस."

तो कानटोपी घेऊन परतला तेव्हा चौकीतला फोन वाजत होता. मामांनी तो घेतला आणि ते दारातच उभे राहून, एक डोळा रस्त्यावर ठेवून बोलू लागले. लेकीचा आवाज बाहेर ऐकू येत होता.

"बाबा, इथे पाऊस थांबलाय."

"इथे वारा आहे."

"ड्रायव्हर तयार आहे. सगळे तयार आहेत. एका गाडीने काय होतंय, बाबा?"

मामांनी वर डब्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "जेवलीस का?"

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. मामांनी रिसीव्हर तसाच कानाला धरून ठेवला.

तेव्हा बेकरीवाल्याला काय वाटलं कोण जाणे. तो वळचणीखाली गेला, टाचा उंचावल्या आणि डबा तारेवरून काढून पोटाशी घट्ट धरला. एकदम शांत झालं. म्हणजे वारा होता, पाऊस होता, पत्रे आपटत होते, पण डबा वाजत नव्हता. जीपवाल्यांनीसुद्धा माना बाहेर काढल्या.

मामा पायरी उतरून आले.

"वारा थांबवतोयस?"

"निदान आवाज तरी, मामा."

मामांनी हात पुढे केला. बेकरीवाल्याने डबा दिला. मामा तो परत टांगायला लागले, पण तारेचं टोक आकड्यात बसेना. दोनदा निसटलं. थंडीने, असं बेकरीवाल्याने स्वतःला सांगितलं. शेवटी डबा बसला आणि वाजू लागला.

अंधार पडायच्या सुमारास तो पुन्हा दवाखान्यात गेला. मामींचा आवाज आता ओठांजवळ कान नेऊन ऐकावा लागत होता.

"डबा?"

"कमी झालाय, मामी. थांबेलच आता."

मामी हसल्या. "पाव कच्चे राहिले की तू 'मऊ आहेत' म्हणतोस ना... अगदी तस्साच बोललास."

मग त्यांनी डोळे मिटले.

डबा रात्रभर वाजला. पहाटे तो थांबला तेव्हा मामांनी चहा केला, पायरीवर बसून नेहमीसारखा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, कप विसळला आणि मगच खाली फोन केला.

बस आली. लेक उतरली आणि बापाच्या शेजारून, तिथे बाप नव्हे, नुसता खांब असल्यासारखी, दवाखान्याकडे चालू लागली. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "मामा, रस्ता काय साफ आहे! एक खडा नाही कुठे!" त्याच्या मनात काही नव्हतं. तो आनंदाने सांगत होता.

मामींनी पहाटेपासून डोळे उघडले नव्हते. श्वास चालू होता. त्या शुद्धीवर येतील का, याला डॉक्टर आता हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. लेक हात हातात घेऊन "आई, मी आले गं" म्हणत राहिली. अंगठा हलला, असं नर्सबाई म्हणाल्या. लेकीला तो हललेला जाणवला नाही. मामा दारात येऊन उभे राहिले, तिने भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि ते तसेच फाटकावर परत आले.

सुताराने नवा बांबू आणून टाकला होता. अजून रंग नव्हता, ओला वास येत होता. बेकरीवाल्याने न सांगता एक टोक खांद्यावर घेतलं आणि मामा खांबाला दोरी आवळू लागले. वर डबा सरळ लोंबत होता. बेकरीवाल्याने बराच वेळ दम धरला, पण दम धरणं हा त्याचा धंदाच नव्हता.

"मामा," तो म्हणाला, "काल बस सोडली असती, तर दोघी बोलल्या असत्या हो. रस्त्यावर तर खडाही पडला नाही."

मामांनी गाठ मारली, दातांनी ओढून घट्ट केली.

"डबा वाजत होता."