पाचवं माप

बायको गेली आणि तिचा बाळवर्ग माझ्या गळ्यात पडला. मी मागून घेतला न्हाई.

आमच्या माजलगावच्या लहानशा चर्चमधी, आत पाळकसाहेबांचं प्रवचन चालू असायचं तेव्हा ती भाईर व्हरांड्यात लेकरं घेऊन बसायची. रांगतं पोर ते चार वर्षांचं, सगळी तिच्याकडं. त्यांना देव शिकवायचा म्हणजे गाणी शिकवायची. आत मोठ्यांना देव कळायचा का न्हाई ते माहीत न्हाई, पण भाईर पोरांना टाळ्या वाजवून कळायचा. वीसेक वर्षं तिनं हे केलं.

तिला माती दिली त्याच्या दुसऱ्या रविवारी मी व्हरांड्यात बसलतो. देवाशी माझं बोलणं बंद होतं, मग आत जाऊन काय करायचं. तर लेकरं सवयीनं आली आणि माझ्यापुढं मांडी घालून बसली. सगळ्यात बारकं आठ महिन्यांचं, ते रांगत आलं आणि माझी काठी चाटायला लागलं.

पाळकीणबाई दारातून बघत होत्या. म्हणल्या, "बरं झालं. देवानंच सोय केली."

मी म्हणलं, "देवानं न्हाई केली. आत उकडतंय म्हणून बसलोय."

पण लेकरं उठंनात. तोंडाकडं बघत राहिली. म्हणून मी तिचं मोजायचं गाणं सुरू केलं. ते तिनं स्वतः जुळवलेलं होतं:

एक देव, आभाळभर,
दोन डोळे माझ्यावर,
तीन वेळा पोटाला,
चार भिंती घराला,
पाच बोटांत माझा हात,
सोडून मला न्हाई जात.

आता माझी अडचण सांगतो. मी तिसरी शिकलेला माणूस. चाळीस वर्षं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी होतो, धान्य मोजलं. आणि मोंढ्यात पहिल्या मापाला मापाडी 'एक' म्हणत न्हाई, 'लाभ' म्हणतो. शेतकऱ्याला बरकत यावी म्हणून. जिभेला तेच वळण. आवाजही मोंढ्याचा, पार रस्त्यापलीकडं जाणारा. मी कानावर हात ठेवून एक ओळ पुकारायची आणि लेकरांनी ती तशीच माघारी म्हणायची, असा आमचा रिवाज पडला. 'लाभ देव, आभाळभर.' तीही कानावर हात ठेवून वरडायची. आत पाळकसाहेब थांबायचे. आमचं झालं की पुन्हा सुरू करायचे.

एका पोराची आई तक्रार घेऊन आली. "आबा, अंगणवाडीत बाईंनी मोजायला सांगितलं, तर ह्यानं लाभ, दोन, तीन मोजलं. आन् कानावर हात ठेवून असं वरडलं की खिचडी शिजवणारी मावशी पळत आली."

"मग चुकलं काय? खिचडीला बरकत येईल."

ती हसली न्हाई. पण पुढच्या रविवारी पोरगं पाठवलं.

हे सगळं चालून गेलं असतं. खोट होती ती दुसरीकडं. मी चारवर थांबायचो. 'चार भिंती घराला' झालं की लगेच 'आमेन'. पाचवी ओळ मी म्हणत न्हवतो. दवाखान्यात तिचा हात माझ्या पाच बोटांत होता, आणि ती गेली. तिला धरून ठेवता आलं न्हाई, मला न्हाई आन् देवालाही न्हाई. मग 'सोडून न्हाई जात' असं लेकरांना कोणत्या तोंडानं सांगायचं? बारक्यांना पत्ताच लागला न्हाई. त्यांना वाटलं गाणं चारातच संपतं.

पण वर्गात एक तीन वर्षांची पोरगी होती. दोन शेंड्या, नाकाला कायम शेंबूड. ती बायकोच्या हाताखाली तयार झालेली. तिनं पहिल्याच रविवारी पंजा वर केला. "आबा, पाच."

"चारच हायेत."

"पाच हायेत."

"आज चारच आले."

तिनं माझा हात ओढून बोटं मोजली. लाभ, दोन, तीन, चार, पाच. आणि करंगळी धरून माझ्याकडं असं बघितलं, जसा शेतकरी काट्याकडं बघतो. असं दर रविवारी. मी आमेन म्हणायचो, ती म्हणायची न्हाई.

तिनं आईला सांगितलं, आईनं पाळकीणबाईंना. पाळकीणबाई घरी आल्या. मीच चहा टाकला. एक घोट घेऊन त्यांनी कप खाली ठेवला आणि परत उचलला न्हाई.

"कापणीच्या सणाला बाळवर्ग सगळ्यांपुढं गाणं म्हणंल," त्या म्हणल्या. "सगळं गाणं. तुमी शेवट खाता असं ऐकलं."

"खात न्हाई. सोडतो."

"मोंढ्यात कधी काटा मारला का?"

"माझ्याकडं कुणी बोट दाखवलं न्हाई कधी."

"मग लेकरांच्या मापात कशाला मारता?"

त्या पुढं म्हणल्या, "जमत नसंल तर तसं सांगा. चर्चमधी एक कॉलेजची पोरगी हाय, मोबाईलवर गाणी लावती. वर्ग तिला देते. तुमी आरामात आत बसा."

त्या गेल्या आणि मी बसून राहिलो. वर्ग गेला तर रविवारी मी जाऊ कुठं? आत मला बसवत न्हाई, आन् घरात तर त्याहून न्हाई. आठवड्यात मला माणसासारखं कुणी बोलत असंल तर ती पाच लेकरं. त्यातलं एक तर नुसतं चाटतंय.

सणाच्या दिवशी देवापुढं लोकांनी आपापल्या शेतातलं आणून ठेवलतं. कणसं, भोपळे, ऊस, आणि पाय बांधलेली एक कोंबडी. लेकरं ओळीत उभी केली. एक लगेच कोंबडीपाशी जाऊन बसलं.

मी कानावर हात ठेवला. 'लाभ देव, आभाळभर.' लोकं हसायला लागली. पाळकसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला. दोन झाले, तीन झाले, चार झाले. आणि मी थांबलो.

लेकरं माझ्या तोंडाकडं. मी पुकारल्याशिवाय ती म्हणणार न्हाईत, तशी सवय मीच लावलेली. आमेन ओठांवर आलतं. म्हणलं असतं तर सुटलो असतो, आणि वर्गही सुटला असता.

दोन शेंड्या पुढं झाल्या. पंजा वर. "आबा, पाच राहिलं."

मागून मोंढ्यातला एक जुना हमाल बोलला, "मापाडी, पोतं भरलं न्हाई बे अजून."

सगळं चर्च हसलं. मलाही हसू आलं, आणि त्या हसण्यातच तोंडातून गेलं, "पाच बोटांत माझा हात."

लेकरांनी वरडून माघारी म्हणलं. पुढचं मात्र येईना. आवाज इतका मोठा माझा, पण कुठं गेला काय माहीत. सगळे थांबले. मग त्या पोरीनं माझ्यासारखाच कानावर हात ठेवला आणि शेवटचं तिनं पुकारलं. बाकीच्यांनी तिच्यामागं म्हणलं. कोंबडीपाशी बसलेल्यानंही म्हणलं.

भाईर आल्यावर पाळकीणबाई म्हणल्या, "तुमी अर्धंच म्हणलं."

"माझ्याकडं तेवढंच होतं. खोटं मोजणार न्हाई. उरलेलं त्या पोरीकडं हाय, तिच्याकडून घ्या."

त्यांनी जरा इचार केला. "वर्ग ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. पण ते 'लाभ' बंद करा."

"ते जमायचं न्हाई."

तवापासून ती पोरगी माझ्यापुढं बसत न्हाई, शेजारी बसती. साडेचार मी पुकारतो, शेवटचं ती. माझा आवाज खाली आला तर कोपर मारती आणि म्हणती, "मोठ्यानं, आबा. त्या बारक्याला ऐकू येत न्हाई."