बाईंचं उत्तर वाटेत होतं

बाईंना काही विचारलं की त्या आधी उजवा तळहात वर करायच्या. पोलीस गाडी अडवतो तसा ताठ नव्हे. वर्गातल्या मुलांना "जरा थांबा" म्हणताना शिक्षक करतात तसा, खांद्याइतका. मग थोडा वेळ जायचा आणि मग उत्तर यायचं. उत्तर साधंच असायचं. "हो." किंवा "नको, आत्ताच झाला." पण तेवढ्या वेळात समोरच्याला उगाच वाटायचं, की आपण विचारलेलं अजून बाईंपर्यंत आलेलंच नाही, ते कुठंतरी लांबून फिरून येतंय.

तुमच्या पाहण्यात सावकाश बोलणारी माणसं असतील. बाई तशा नव्हत्या. मराठीच्या शिक्षिका, आवाज खणखणीत, आणि उचगावात आमच्याच गल्लीत राहायला. त्यांना मी नळावर भांडतानाही ऐकलं आहे. तिथं त्या कुणाची वाट पाहत नसत. ही थांबायची सवय त्यांना नंतर लागली, आणि ती लागली तेव्हा मी त्याच खोलीत होतो.

कोल्हापुरात ज्या शिक्षणसंस्थेत बाई शिकवायच्या आणि मी हिशेब पाहायचो, तिथं नव्वदच्या दशकाच्या शेवटी गच्चीवर उपग्रहाची एक भली मोठी तबकडी बसवली गेली. आपल्या आणि मॉरिशसच्या सरकारांचा करार झाला होता. दोन्हीकडच्या संस्था उपग्रहानं जोडायच्या, इंटरनेट लहान गावांपर्यंत कसं न्यायचं याचे नियम दोघांनी मिळून ठरवायचे, आणि प्रयोग म्हणून तिकडच्या मराठी घरांतल्या लोकांसाठी इकडून मराठीचा वर्ग घ्यायचा. तो वर्ग आमच्याकडे आला. खर्चाचा आणि वापराचा तक्ता दर तिमाहीला वर पाठवायचं काम माझ्याकडे.

उद्घाटनाला दोन्हीकडचे मोठे अधिकारी होते. आपले इथं, त्यांचे पडद्यावर. आपले साहेब म्हणाले, "नमस्कार." पडद्यावरचे साहेब नुसते हसत राहिले. आपल्या साहेबांना वाटलं, ऐकू गेलं नाही. ते पुन्हा म्हणाले, "नमस्कार." तेवढ्यात पहिल्या नमस्काराचं उत्तर आलं, ते यांच्या दुसऱ्या नमस्कारावर आदळलं, मग दोघंही एकदम "सॉरी" म्हणाले, मग दोघंही एकदम गप्प झाले. असं चार-पाच मिनिटं चाललं. दोन देशांचं सहकार्य एकमेकांची माफी मागण्यातच संपतंय की काय, असं झालं.

मागच्या रांगेतून बाई उठल्या. माइकपाशी गेल्या, तळहात वर केला. इकडचे गप्प झाले. पडद्यावरचेही, थोड्या वेळानं, गप्प झाले. मग बाई एकच वाक्य बोलल्या आणि हात तसाच धरून थांबल्या. तिकडून नीट उत्तर आलं. बोललेलं वर उपग्रहापर्यंत जाऊन खाली यायला, उत्तराला तसंच परत यायला, शिवाय मधल्या यंत्रांना त्यांचा वेळ, असं सगळं मिळून दीड सेकंद लागतो, हे तंत्रज्ञानं आम्हाला नंतर सांगितलं. बाईंना ते हातानं कळलं होतं. वर्ग कुणी घ्यायचा हा प्रश्न त्या दिवशीच सुटला.

आठवड्यातून दोनदा दुपारी तीनला वर्ग. तिकडे तेव्हा दीड वाजलेला. तिकडच्या वर्गाची व्यवस्था एका वयस्क मावशींकडे होती. त्यांचं मराठी घरात जपून ठेवलेल्या भांड्यासारखं होतं, जुनं आणि स्वच्छ. चित्र दिसायच्या आधी त्यांचा आवाज यायचा.

"बाई, तुम्ही आहात?"

"आहे," बाई म्हणायच्या, आणि हात वर.

दीड सेकंदानं मावशी म्हणायच्या, "पोचलं."

मग वर्ग सुरू. हे कधी चुकलं नाही. एकदा मी तिथं बसलो असताना मावशींनी त्याचं कारणही सांगितलं. त्यांचे खापरपणजोबा मजूर म्हणून मुंबईच्या धक्क्यावरून जहाजात चढले. जहाज सुटल्यावर आईनं धक्क्यावरून हाक मारली. त्यांनी ओ दिली. ती ओ आईपर्यंत पोचली की नाही, हे त्यांना जन्मभर कळलं नाही. म्हातारपणी ते तेवढंच विचारत बसायचे. "म्हणून आमच्या घरात," मावशी म्हणाल्या, "ओ आली की पोचलं म्हणायचं. न म्हणता उठायचं नाही."

बाईंनी त्या दिवशी पुढचा धडा घेतलाच नाही.

माझं काम आकड्यांचं. तक्त्यात एक रकाना होता, प्रत्यक्ष संभाषणाचा वेळ. मी बाईंना विचारलं, "या मधल्या गप्प बसण्याचं काय करू? धरू की वजा करू?"

हात वर. मग, "वजा नका करू. त्या वेळात बोलणं वाटेत असतं. वाटेतल्या माणसाला आपण गैरहजर लावतो का?"

मी धरला. वरून कुणी आक्षेप घेतला नाही.

हळूहळू ती सवय खोलीबाहेर आली. उचगावच्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "बाई, कुठं?" बाईंनी तळहात वर केला. कंडक्टर म्हणाला, "बाई, तिकीट घेताय का आशीर्वाद देताय?" अख्खी बस हसली. बाईही हसल्या, पण जरा उशिरा. बाकी सगळे हसून थांबल्यावर. तेव्हा मला ते गमतीचंच वाटलं.

पुढं समुद्राखालून केबल आली. दोन्ही सरकारांनी नवी व्यवस्था ठरवली, सगळं मोठ्या शहरांतून जाणार होतं. केबलवरून बोललेलं लगेच पोचतं, थांबावं लागत नाही. कागदावर ही प्रगतीच होती आणि मलाही ती तशीच वाटली. आमच्या तबकडीला बंद होण्यासाठी आर्थिक वर्षाच्या अखेरची तारीख मिळाली.

शेवटच्या वर्गाला वरून एक अधिकारी आले होते. घड्याळ समोर ठेवून बसले होते. वर्ग संपला, तिकडच्या लोकांनी हात जोडले. आता मावशी निरोपाचं काही बोलतील असं आम्हाला वाटलं. त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही आहात?"

एरवी हे सुरुवातीला विचारायचं. शेवटी त्यांनी ते कधी विचारलं नव्हतं.

"आहे," बाई म्हणाल्या. हात वर गेला. अधिकाऱ्यांनी मान हलवली, तंत्रज्ञानं बटण बंद केलं. पडदा काळा झाला.

बाईंचा हात वरच.

"बाई, लाइन गेली," तंत्रज्ञ म्हणाला.

"लाइन गेली असेल," बाई म्हणाल्या. "मी बोललेलं त्याआधीच निघालंय."

"ते आता कुठं उतरायचं नाही हो."

आमचे शिपाई सदामामा दाराशी उभे होते. ते मला हळूच म्हणाले, "सायेब, हात खाली घ्या म्हणा की त्यांना. बघवंना झालंय."

बाईंनी तिकडे मावशींना दोन पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही. माझ्या टेबलावरच्या फोनवरून आम्ही तिकडचा वर्ग भरायचा त्या सभागृहाचा नंबर तीन-चार वेळा लावून पाहिला. आधी घंटा वाजायची, नंतर नंतर तीही बंद झाली. मी म्हटलं, "बाई, समजून घेतलं असेल त्यांनी. रोजचंच उत्तर ते."

"त्या वाट बघत असतील," बाई म्हणाल्या. "आणि त्यांच्या घरात ते तसंच एकदा झालंय."

त्यानंतर मात्र हसण्यासारखं काही राहिलं नाही. त्यांचं थांबणं वाढत गेलं. आधी दीड सेकंद होतं. मग चहाचा कप गार होईपर्यंत. माझ्या बायकोनं एका रविवारी त्यांना विचारलं, "बाई, डोकं दुखायचं थांबलं का?" बाईंनी हात वर केला आणि तशाच घरी गेल्या. पुढच्या रविवारी त्या आमच्या दारात उभ्या. आम्ही दोघं तांदूळ निवडत होतो. "थांबलं हो आता," एवढं म्हणून त्या वळल्या. बायको माझ्याकडे बघत राहिली. "अहो, मी हे कधी विचारलं होतं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मग एवढे दिवस ते होतं कुठं?"



आणि मधेच, कुणी काही विचारलेलं नसताना, त्या म्हणायच्या, "आहे." भाजी घेताना, स्टॉपवर, जिन्यात. स्पष्ट आवाजात, वर्गात हजेरी द्यावी तसं. मग हात वर करून कान देऊन उभ्या राहायच्या. जवळ असलेले लोकही नकळत गप्प व्हायचे. मीही व्हायचो. त्या शांततेत काही ऐकू यायचं नाही, पण ती नुसती रिकामी शांतताही नसायची. वाजायच्या बेतात असलेला फोन जसा असतो, तशी ती असायची. मग बाई हात खाली घ्यायच्या आणि मेथीचा भाव विचारायच्या.

आजारपण फार लांबलं नाही. दवाखान्यात मी गेलो तेव्हा त्यांच्या भावाच्या घरची माणसं बाहेर बसली होती. बाई जाग्या होत्या. मी विचारलं, "बाई, काही हवंय का?"

तळहात चादरीवरून जेमतेम चार बोटं वर आला.

मी थांबलो. भेटीची वेळ संपल्याचं नर्सनं दोनदा सांगितलं, तरी थांबलो. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. उचगावात त्यांच्या दारापुढं मंडपात सगळ्यांनी त्रिसरण-पंचशील म्हटलं. ते म्हणून संपल्यावर जी शांतता झाली, तीत, उत्तर येतंय का म्हणून, मी मान वर करून पाहिलं. पाहणारा मी एकटाच नव्हतो. बसचा तो कंडक्टरही पाहत होता.

यानंतर एक-दोन वर्षांनी ती खोली संगणकवर्गाला द्यायची ठरली. तिथल्या सामानाची मोजणी माझ्याकडे आली. मोजणीची आमची पद्धत अशी, की मी दाराशी उभा राहून यादी वाचायची आणि सदामामांनी वस्तू पाहून ओ द्यायची. दुपारची वेळ. खोलीत धुळीचा वास. गच्चीवरची तबकडी केव्हाच उतरवली होती, भिंतीतून बाहेर आलेल्या वायरी कापून टोकाला चिकटपट्टी लावली होती.

"खुर्च्या, लोखंडी, चार."

"हाईत."

"टेबल, लाकडी, एक."

"हाय. पाय मोडलाय पर हाय."

"पडदा, एक."

"हाय."

"माइक, टेबलावरचा, एक."

मामा टेबलाखाली वाकून खोकी सरकवत होते. थोडा वेळ गेला. मी यादीवरून मान वर केली नव्हती.

"आहे."

मी पेन टेकवलं आणि तसाच थांबलो. मामांनी दिवसभरात एकदाही "आहे" म्हटलं नव्हतं. जन्मात म्हटलं नसेल.

मामा टेबलाखालून बाहेर आले. गुडघ्यावर बसूनच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणालासा सायेब?"

"मी नाही बोललो."

"मग मी बी न्हाई." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "आन् माईक हितं न्हाईच की सायेब. तो तबकडीसंगं गेला न्हवं का."

खरं होतं. वस्तू तिथं नव्हती. मी त्या ओळीपुढं "नाही" लिहिलं, कारण जे दिसत नाही ते मी कधी आहे म्हणून दाखवलेलं नाही, आणि त्या दिवशीही दाखवलं नाही. पण पेन खिशाला लावल्यावर मला पुढची ओळ वाचता येईना. खोलीत ती शांतता होती. मला ओळखीची होती, मामांनाही असणार, कारण ते गुडघ्यावरून उठत नव्हते. कुणीतरी हात वर धरून थांबलेलं असताना होते, ती.

मी यादी खाली घेतली. पडदा होता त्या भिंतीकडे तोंड केलं आणि ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "पोचलं, बाई."

मामांनी "कुणाला?" असं विचारलं नाही.

मग मी चष्मा पुसला आणि पुढची ओळ वाचली. "पंखा, छताचा, एक."

मामांनी वर पाहिलं. पंखा डोक्यावरच होता, बंद, पात्यांवर धूळ. तरी मामा लगेच बोलले नाहीत. दीड सेकंद गेला असेल.

"हाय," ते म्हणाले.