बाबांची जपानी सुरई

पितृपक्षात बाबांच्या तिथीला सकाळी कपाट उघडलं, तर सुरई गायब! तिच्या दोन इवल्याशा वाट्या जागेवर, सुरईच नाही. डोकंच फिरलं माझं.

दोन हजार सालानंतर नारपोलीच्या आमच्या कापडाच्या कारखान्यात जपानहून जुने लूम, म्हणजे माग, आले, तेव्हा ते बसवायला एक म्हातारा जपानी फिटर आला होता. जाताना त्यानं ही बाबांना दिली, त्याच्या वडिलांची. वीतभर उंच, तपकिरी, अरुंद तोंडाची. त्यांच्याकडे तांदळाची दारू अशा सुरईत भरून गरम पाण्यात ठेवतात. आपली वाटी आपण भरायची नाही, समोरच्यानं भरायची. देवापुढेही ठेवतात म्हणे. बाबा मांडीवर थाप मारून हसले, "म्हंजे हे आपलेच पाव्हणे हाईत!" आमच्यातही दारूचे पहिले थेंब जमिनीवर, वाडवडिलांना. शेवटच्या दुखण्यात बाबांनी मला बजावलं होतं, "माझ्या तिथीच्या पानावर दारूचा गलास नको. ही सुरई ठेव, न् तू वाढ."

आणि ती सापडली कुठं? कारखान्यात! भावानं लूमला तेल घालायला नेली होती.

"तोंड बारीक हाय ना, तेल सांडत न्हाय," वर मलाच सांगतो. "मातीची तं हाय. दुसरी आणू बाजारातून."

"आधी स्वतःला अक्कल आण बाजारातून!"

राख, चिंच, सोडा, उकळतं पाणी, सगळं झालं. पण आत झिलई नसलेली माती ती, तेल पार मुरलेलं. हात सोलवटले, वास हटेना. आई म्हणाली, "जाऊ दे गो, गलास ठेव." जाऊ दे कसं? बाबांनी एकच तर मागितलं होतं. मला रडू कोसळलं, निव्वळ संतापानं.

दुपार झाली, पान वाढून झालं, सगळे खोळंबले. शेवटी मी तशीच सुरई घेऊन पानापाशी बसले. दारू भरून वाटीत ओतली, तर वर तेलाचा तवंग. घरभर लूमचा वास पसरला.

आईनं पदर नाकाला लावला. मग हळूच काढला. दाराकडे बघत म्हणाली, "आले बघ तुझे बाबा ड्युटीवरून."

मी त्यांना दुसरी वाटीही भरली. भावाशी मात्र आठ दिवस बोलले नाही.